तीन नंबरची बाटली

दूध नासायच्या आधी त्याचा रंग बदलतो. पातेल्याच्या कडेची निळसर झाक जाते आणि तिथं पिवळट पांढरं दिसायला लागतं. आमच्याकडच्या कुठल्याही बाईला हे कळतं. हे कळणं कधी कुणाच्या कामाला येईल असं मला वाटलं नव्हतं. बिराजदार सरांच्या कामाला आलं. आज सकाळी दुधाला तसा रंग दिसला आणि मी गॅस न पेटवता तशीच उभी राहिले. मग ही वही काढली.

वही सरांनीच दिलेली आहे. पुढची पानं बाटल्यांच्या नंबरांनी भरली आहेत. मागची कोरी राहिली होती.

आळेफाट्याजवळच्या एका फार्मसी कॉलेजात मी प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुते. डिंगोऱ्याहून सकाळच्या गाडीनं येते आणि बिबट्याच्या भीतीनं अंधार पडायच्या आत परतीची गाडी धरते. शिक्षण चौथीपर्यंत. बोलायला मला लहानपणापासून जड जातं. कामाला लागून वर्ष झालं तरी निम्म्या लोकांना माझं नाव माहीत नव्हतं, सगळे मावशी म्हणायचे. सर तेवढे मंदाताई म्हणायचे, आणि अहो-जाहो करायचे. पहिल्यांदा त्यांनी "ताई, बसा" म्हटलं तेव्हा मी मागं वळून बघितलं होतं, कोण आलंय म्हणून.

सर पन्नाशीला टेकलेले. सोलापूरकडचे. त्यांच्या बाई तिकडं शाळेत शिकवायच्या, म्हणून सर इकडं एकटे, फाट्यावर एका गॅरेजच्या वरच्या खोलीत राहायचे. अंगानं उंच, जरा वाकलेले. पांढऱ्या कोटाच्या बाह्यांना ॲसिडनं भोकं पडलेली. कोटाच्या खिशात एक छोटी टॉर्च कायम असायची. शेंगदाण्याची पुडी मात्र पँटच्या खिशात, कारण प्रयोगशाळेत खायचं नाही हा त्यांचाच नियम. दुपारी कोपरापर्यंत हात धुऊन बाहेर पायरीवर जायचे, एकेक दाणा सोलून खायचे आणि टरफलं परत पुडीत भरायचे.

त्या वयात ते पीएचडी करत होते. त्यांनी शिकवलेली दोन पोरं त्यांच्या आधी डॉक्टरेट मिळवून त्याच कॉलेजात सर होऊन आली होती. कुणी चेष्टेत ते काढलं की सर म्हणायचे, "म्हणजे शिकवलं बरं होतं."

त्यांच्या वजन करण्याचा सगळ्यांनी धसका घेतला होता. चिमटीतही येणार नाही एवढी पूड ते काट्यावर ठेवायचे. त्या वेळी पंखे बंद, खिडक्या बंद, बोलणं बंद. उन्हाळ्यात सगळ्यांच्या कपाळावरून घाम गळायचा पण कुणी पुसायचं नाही. एकदा एक पोरगी दारातून आत येणाऱ्या मैत्रिणीला दबक्या आवाजात म्हणाली, "सर वजन करतायत, मरायचं असलं तर आवाज न करता मर." सरांनाच हसू फुटलं, पूड उडाली आणि सगळं परत पहिल्यापासून. पण रागावले नाहीत. ते रागावलेले मी कधी बघितले नाहीत.

हातमोज्यांच्या बाबतीत मात्र फार कडक. मोजे घातल्याशिवाय त्यांच्या बाटल्यांना हात लावायचा नाही. मला वाटायचं हे सोवळ्यासारखं असेल. देवाचं पाणी भरताना आपला हात बाटू नये म्हणून जपतो, तसं एवढ्या मोलाच्या औषधाला आपल्या हाताची घाण लागू नये. मी मनोभावे मोजे घालायची. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढं जे झालं ते ह्याच समजुतीनं झालं.

त्यांचं काम मला कळलं ते एका भांड्यामुळं. आत चिकट अर्क बसला होता आणि मी ते तिसऱ्यांदा घासत होते. सरांनी मागून विचारलं, साबण का लावला, नुसत्या पाण्यानं का नाही. मी म्हटलं, "पाण्याला दाद देत न्हाई."

सर तिथंच स्टूल ओढून बसले. म्हणाले, माझं सगळं दुखणं तुम्ही चार शब्दांत सांगितलंत. मग त्यांनी मला समजावलं. मी भांडी धुणारी आहे हे विसरून, मन लावून. ह्या अर्कात कॅन्सरच्या गाठीला मारायची ताकद आहे हे शिकलेल्या लोकांना कधीचं माहीत आहे. पण तो पाण्यात विरघळत नाही, आणि रक्त म्हणजे बरंचसं पाणीच. मग तो गाठीपर्यंत जायचा कसा? रसायनानं बदलून विरघळता केला तर सगळ्या अंगात फिरतो, गाठीबरोबर चांगल्या जागाही मारतो. केस जातात, पोट बिघडतं, रक्त कमी होतं. म्हणून सर त्याला चरबीच्या कणांमध्ये भरत होते. कण इतके बारीक की एका केसाच्या जाडीत शेकड्यांनी बसावेत. कणानं अर्काला पोटात घेऊन जायचं, वाटेत सांडायचं नाही, गाठीत शिरून मग सोडायचं. नॅनो म्हणतात त्याला.

मी मान हलवली, पण मला कळलं नाही हे त्यांना कळलं.

"दुधात लोणी दिसतं का, ताई?"

"न्हाई."

"पण असतं."

"घुसळलं की वर येतं."

"हां. मला ते कधीच वर येऊ द्यायचं नाही. वर्ष झालं तरी नाही. एवढंच माझं काम."

मग टॉर्च काढली. एका बाटलीत साधं पाणी आणि एका बाटलीत त्यांनी केलेलं, दोन्हींतून उजेड सोडला. पाण्यात काही दिसलं नाही. दुसऱ्या बाटलीत उजेडाचा सरळ पट्टा उमटला. आमच्या माहेरी कौलाच्या फटीतून ऊन आलं की चुलीच्या धुरात असाच पट्टा दिसायचा. ते कण डोळ्यांना दिसत नाहीत पण उजेड अडवतात, असं सर म्हणाले. त्यांच्या तोंडावर तेव्हा असा आनंद होता, जसा बारशात पाळण्यात वाकून बघणाऱ्या माणसाच्या तोंडावर असतो.

ते पाणी निळसर पांढरं होतं. दुधाचं भांडं विसळलेल्या पाण्यासारखं. अशा बारा बाटल्या टेबलावर ओळीनं आणि बारा फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या. तीन महिने त्या तशाच राहतात का ते बघायचं होतं. एके दिवशी पुसता पुसता मी बोलून गेले की सात नंबर नासायला लागली. सरांनी बाटली उचलून बघितली. त्यांना काही फरक दिसला नाही. तरी त्यांनी ती पुण्याला मशीनवर पाठवली. चार दिवसांनी निकाल आला की सात नंबरमधले कण एकमेकांना चिकटून मोठे व्हायला लागलेत.

त्या दिवसापासून ही वही. सर म्हणाले, मशीन पुण्यात आहे, तुमचे डोळे इथं आहेत. रोज सकाळी आल्याबरोबर प्रत्येक बाटली बघायची आणि नंबरापुढं लिहायचं. शाळा सुटल्यापासून सही सोडून मी काही लिहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी लिहिलं, "चार नंबर बरी वाटते." सरांनी 'बरी वाटते'वर रेघ मारली आणि विचारलं, दिसलं काय? मी सांगितलं तसं लिहून घेतलं: "चार नंबर निळी. तळाला काही नाही."

"दिसलं ते लिहायचं, ताई. वाटलं ते लिहायचं नाही." हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल त्याला हिशेब नाही. पोरांनाही तेच सांगायचे. आणि रोज सकाळी कोट चढवता चढवता मला एकच विचारायचे, "ताई, आज काय दिसलं?" कॉलेजातल्या एवढ्या शिकलेल्या माणसांत तो प्रश्न ते पहिल्यांदा मला विचारायचे. मी डिंगोऱ्याहून गाडीत बसले की मनात उत्तर जुळवायला लागायची.

अर्क ज्या झाडाचा, ते नरक्याचं झाड. आमचं माहेर घोडेगावच्या पलीकडं डोंगरात, तिथं ते लहानपणापासून बघितलेलं. लाकडाला घाण वास, म्हणून वडील चुलीत घालू द्यायचे नाहीत. सर जंगल खात्याचा कागद घेऊन तिकडं निघाले तेव्हा मलाही गाडीत घेतलं, ताई वासावरून झाड सांगतील म्हणून. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांनी दाखवलं की पूर्वी इथं दाट होती, मग कुणी कुणी येऊन टेंपो भरभरून नेली. नुसती खोडं राहिली होती. सर एका खोडाशेजारी उकिडवे बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. कागदावर लिहिलं होतं तेवढीच पानं आणि काड्या वनरक्षकानं तोडून दिल्या. एक फांदी जास्तीची मोडली गेली, ती सरांनी घेतली नाही, बुंध्याशी ठेवून दिली.

बाबांनी त्यांना विचारलं, घरी कुणाला झालाय का हा आजार? सर म्हणाले, "नाही बाबा. मला रसायनाची आवड आहे." बाबांना ते उत्तर पटलं नाही. मलाही तेव्हा पटलं नव्हतं.

आजार आमच्याच घरात होता. माझी थोरली बहीण, आक्का, महाळुंगे पडवळला दिलेली. तिला अंडाशयाचा कॅन्सर झाला होता. पुण्याला ऑपरेशन झालं, सलाईनमधून औषधं झाली, केस गेले, परत आले. आणि वर्षाच्या आत दुखणं परत आलं. डॉक्टर म्हणाले दुसरं औषध सुरू करू. आक्का म्हणाली आता नको. दाजींनी सांगितलं, लेकीनं सांगितलं, मी तिच्या पाया पडले. तिनं ऐकलं नाही. म्हणाली, "त्या सलाईननं दुखण्याआधी मीच जाते का काय असं व्हतं. लेकीचे दिवस भरत आल्यात, तेवढं बघू दे मला उभ्यानं." मला आईचा हात आठवत नाही, वेणी घालणारा हात आक्काचाच आठवतो. ती जाणार हे मला सोसत नव्हतं.

आणि रोज सकाळी माझ्यासमोर बारा बाटल्या असायच्या. गाठीपर्यंत जाणारं, वाटेत न सांडणारं, दुधासारखं. एका शनिवारी काम सुटताना मी टेबलावरची तीन नंबरची बाटली मोजे घालूनच उचलली, रुमालात गुंडाळली आणि पिशवीत भाकरीच्या डब्याखाली ठेवली. तीन नंबर अशासाठी की ती सगळ्यांत निळी होती. रविवारी महाळुंग्याला जाऊन आक्काला दिली. सांगितलं, सरांचं औषध आहे, रोज एक चमचा घे, कुणाला बोलू नको. तिनं नुसती मान हलवली. ती घेणार का नाही, कधी घेणार, मी विचारलं नाही. गाडीची वेळ झाली होती.

सोमवारी सकाळी वही उघडली. एक नंबर निळी. दोन नंबर निळी. तीनपाशी पेन थांबलं. खोटं लिहिता आलं असतं. "निळी" लिहिलं असतं आणि दुसऱ्या बाटलीत दुधाचं पाणी भरून ठेवलं असतं तर दोन दिवस तरी कळलं नसतं. पण त्या वहीत माझा हात तसा चालेना. मी लिहिलं, "तीन नंबर बाटली नाही."

सर आले, कोट चढवता चढवता विचारलं. मी वही पुढं केली. त्यांनी वाचलं, टेबलाकडं बघितलं.

"कुठं आहे, ताई?"

मी पेन घेतलं आणि त्याच ओळीत पुढं लिहिलं, "आक्काकडं. प्यायला दिली."

सरांचा चेहरा मी पहिल्यांदाच तसा बघितला. त्यांनी कोट काढून तिथंच टाकला आणि मोटरसायकलची किल्ली घेतली. मी आक्काला फोन लावत राहिले, पण ती फोन घरात ठेवून अंगणात बसते, वाजला तर वाजला. नवऱ्याशिवाय दुसऱ्या माणसाच्या गाडीवर मी आयुष्यात बसले नव्हते. त्या दिवशी बसले. नारायणगाव गेलं, कळंबला आत वळलो, तोवर सर एवढंच बोलले: "किती चमचे सांगितले होते?" मी सांगितलं. त्यांनी गाडी आणखी जोरात घेतली. तेव्हा मला कळलं की मी काय दिलंय.

आक्का पडवीत घेवड्याच्या शेंगा निवडत बसली होती. मला बघून म्हणाली, कालच गेलीस आणि आज परत, घरी भांडलीस का? मी विचारलं, बाटली कुठंय? तिनं देव्हाऱ्याकडं बोट केलं. बाटली देवापुढं उभी होती. भरलेली. वरच्या चिठ्ठीवर, जिथं सरांच्या अक्षरात नंबर होता, तिथं हळदीकुंकू लावलेलं.

"आज अवस हाय," आक्का म्हणाली. "अवसंला औषध सुरू करू नाय. उद्या सकाळी उपाशीपोटी घेणार व्हते."

सरांनी चपला काढल्या, देवाला हात जोडले, मग खिशातून मोजे काढून घातले आणि बाटली उचलली. आक्का सगळं बघत होती.

"पावणं," ती म्हणाली, "तुमी त्याला हात लावाया मोजं घालताय, आन ते मी प्यायचं व्हतं व्हय?"

"म्हणूनच पळत आलो, आक्का."

मग सर तिच्यासमोर सतरंजीवर बसले आणि तिला खरं ते सांगितलं. हे अजून औषध झालेलं नाही. बाटलीत नीट राहतंय का एवढंच सध्या बघतोय. आत जो अर्क आहे तो गाठीला मारतो तसा माणसालाही मारू शकतो. उंदरांनासुद्धा अजून दिलेलं नाही.

आक्का माझ्याकडं वळली. "उंदराच्या आधी माझा नंबर लावलास व्हय गं?" आणि हसायला लागली. पोट धरून हसली. सरांनाही हसू आलं. मी रडत होते.

हसून झाल्यावर तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. तिनं विचारलं ते मी कधी विचारू शकले नसते.

"माझ्या टायमात व्हईल का हे?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बघू, देवाची इच्छा.

"नाही," सर म्हणाले. "तुमच्या वेळेत नाही होणार."

आक्कानं सूप परत पुढं ओढलं. मग म्हणाली, "आत्तापातूर समदी व्हईल व्हईल म्हणली. तुमीच एक न्हाई म्हणलात. आता तुमी सांगा, म्या काय करू?"

सर म्हणाले, पुण्याला जा. डॉक्टर म्हणतायत ते दुसरं औषध घ्या. त्यानं बरं व्हाल असं मी म्हणणार नाही. दिवस मिळतील, किती ते मला माहीत नाही. आणि सोसलं नाही तर थांबा म्हणायचा हक्क तुमचाच. आक्कानं विचार करायला तेवढाच वेळ घेतला जेवढा चहाला उकळी यायला लागतो. चहा पिऊन झाल्यावर म्हणाली, बरं, येते.

आम्ही महिनाभर जे करू शकलो नाही ते सरांच्या एका 'नाही'नं केलं.

येताना कळंबला सरांनी गाडी थांबवली. टपरीवर उभं राहून ते म्हणाले, "ताई, चूक निम्मी माझी. मी तुम्हाला दूध सांगितलं. विष सांगायचं राहिलं." आणि त्यावर पुन्हा कधी बोलले नाहीत. कॉलेजात आल्यावर वही पुढं ठेवली आणि म्हणाले, झालं तसं लिहा. मी लिहिलं, "तीन नंबरची बाटली मी नेली. बहीण आजारी आहे म्हणून. बाटली परत आणली. उघडलेली नाही." त्याखाली सरांनी सही केली. बाटलीवरची चिठ्ठी, हळदीकुंकवासकट, सोडवून त्यांच्या मोठ्या रजिस्टरमध्ये चिकटवली.

बाटली उन्हातून, पिशवीतून फिरून आली होती, म्हणून बारा बाटल्यांची ओळ मोडली. पुण्याचे त्यांचे मोठे सर, पीएचडीचे गाईड, आले तेव्हा रजिस्टर बघून म्हणाले, अहो, दुसरी एक भरून तिथं नंबर टाका, कोण बघतंय. मी भांडी धुताना ऐकत होते. सर म्हणाले, "मंदाताई बघतायत." मोठे सर हसले, त्यांना ती चेष्टा वाटली. सरांनी टेबलावरची अख्खी ओळ पहिल्यापासून लावली. म्हणजे आणखी तीन महिने. तेवढ्यात पुढच्या तपासणीसाठी पुण्यात त्यांची जी पाळी होती ती दुसऱ्याला गेली. हे माझ्यामुळं झालं. सर म्हणायचे, तुमच्यामुळं नाही. दोन्ही लिहून ठेवते.

आक्काच्या नव्या औषधाच्या पहिल्या सलाईनच्या दिवशी सर आमच्याबरोबर पुण्याला आले. रजा काढून. वर टांगलेल्या पिशवीवरचं नाव त्यांनी चष्मा वर करून वाचलं, परत वाचलं, आणि लहान पोरासारखे आमच्याकडं वळले. हे औषध त्याच अर्कापासून, पुढं रसायनानं बदलून केलेलं होतं. आमच्या डोंगरातल्या झाडाच्या जातीचं.

आक्का नळीकडं बघत राहिली. "नरक्या? आन वास न्हाई येत?"

"काढलाय वास."

"ते एक बरं केलं," ती म्हणाली. "आता केसं सोडून बाकी कुठं जायचं तिथं जा म्हणावं त्याला."

"तेच शिकवतोय त्याला. अजून ऐकत नाही."

आक्काचे केस गेले. पण तिनं नातीचं बारसं केलं, उभ्यानं, डोक्याला स्कार्फ बांधून. पुढच्या वर्षीचे कांदे निघाले तेही बघितले. मी गेले की तिचा एकच प्रश्न असायचा: "पावण्याच्या बाटल्या नासल्या का?" मी म्हणायची, नाही. खरंच नासल्या नव्हत्या. दुसऱ्या वेळची ओळ टिकली होती. सरांनी कणांच्या चरबीत काहीतरी बदल केला होता आणि महिन्यामागून महिने मी वहीत निळी, निळी, निळी लिहीत होते.

आक्का गेली त्याच्या दहाव्याला सर आले, लांब बाभळीखाली उभे राहिले आणि कुणाला न भेटता गेले. नंतर प्रयोगशाळेत त्यांनी विचारलं, शेवटी काही म्हणाल्या का? मी सांगितलं, तुमच्या बाटल्यांचं विचारत होती. सरांनी चष्मा काढला, कोटाच्या भोकं पडलेल्या बाहीनं पुसला, परत घातला, परत काढला. मग वजनकाट्याकडं गेले आणि पंखे बंद करायला सांगितले. त्या दिवशी काट्यावर काहीच नव्हतं.

पुढच्या वर्षी प्रयोगशाळेची ती खोली कॉम्प्युटरसाठी घ्यायचं ठरलं. सरांना सोलापूरकडं काम मिळालं, तिथं बाटल्या ठेवायला जागा देतो म्हणाले. शेवटच्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी बारा बाटल्या बघून वही लिहिली. सरांनी त्या बर्फाच्या खोक्यात भरल्या आणि वही मला परत दिली. म्हणाले, नक्कल मी उतरवून घेतलीय, ही तुमच्याकडं असू द्या, मागची पानं कोरी आहेत.

सरांचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. मी लावत नाही. लावला तर ते तेच विचारतील आणि मला बोलता येणार नाही. बाटल्या पुढं कुठवर गेल्या, उंदरांपर्यंत तरी पोचल्या का, मला माहीत नाही. कुणाच्या आक्कापर्यंत पोचायला अजून किती वर्षं, तेही माहीत नाही. सकाळच्या गाडीत बसले की अजून मनात उत्तर जुळवते. ओतूर येईपर्यंत जुळतं. मग आठवतं.

फाट्यावर त्यांना सोडायला मी गेले होते. पोरं होती, दोन-तीन सर होते. मी मागं, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभी होते. गाडी लागली, सर चढले, पोरांनी बॅगा आत दिल्या. गाडी सुरू झाल्यावर सरांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि सगळ्यांच्या डोक्यावरून मला हाक मारली.

"ताई, आज काय दिसलं?"

मी पदर तोंडाला लावला. गाडी हलली. उत्तर द्यायचं राहिलं, ते आता लिहिते.

नगरकडं जाणारी गाडी. डावीकडची चौथी खिडकी. सरांच्या मांडीवर पांढरा खोका, त्याला सोलापुरी चादर गुंडाळलेली. दोन्ही हात खोक्यावर, म्हणून त्यांनी हात हलवला नाही. अंगात कोट नव्हता. शर्टाच्या बाह्या धड होत्या, एकही भोक नाही. वळणापर्यंत मान बाहेर होती. बाटल्या बारा. बाराही निळ्या. तळाला काही नाही.

वाटलं ते लिहायचं नसतं.